मानेचे पहिले दोन मणके : रचनेतील भेद आणि शस्त्रक्रियेची सुरक्षितता

सोलापूर : कवटी आणि मान जेथे जोडली जाते त्या भागावरील शस्त्रक्रिया ही पाठीच्या कण्यावरील सर्वाधिक जोखमीच्या शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते. मेंदूला रक्त पुरविणारी रोहिणी, मज्जारज्जू आणि शल्यचिकित्सकाला स्क्रू बसविण्यासाठी उपलब्ध असलेले हाड यांच्यातील अंतर येथे अवघे काही मिलिमीटर असते. त्यातच मानेच्या पहिल्या दोन मणक्यांची घडण सर्व माणसांमध्ये एकसारखी नसते. एवढेच काय, एकाच माणसाच्या उजव्या व डाव्या बाजूंतही फरक आढळतो. पाठ्यपुस्तकातील आकृती आणि समोरच्या रुग्णाचे हाड यांतील हा फरक शस्त्रक्रियेपूर्वी ओळखणे, हाच या शस्त्रक्रियेतील सुरक्षिततेचा पाया होय.

सोलापूरकरांच्या दृष्टीने हा विषय केवळ वैद्यकीय ग्रंथांपुरता मर्यादित नाही. शहरातील छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले 'सिव्हिल', तसेच खासगी रुग्णालये यांमध्ये जिल्ह्याबरोबरच धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडील कलबुर्गी, विजयपूर या भागांतूनही रुग्ण येतात. पुणे-हैदराबाद महामार्ग शहराजवळूनच जातो. वाहनांचे अपघात, झाडावरून किंवा बांधकामावरून पडणे, विहिरीत सूर मारताना डोके आपटणे अशा प्रसंगी मानेच्या वरच्या मणक्यांना इजा होऊ शकते. याशिवाय संधिवात, क्षयरोग आणि जन्मजात दोष यांमुळेही हा सांधा अस्थिर होतो. अशा रुग्णांपैकी काहींना पुढील उपचारांसाठी पुण्या-मुंबईकडे पाठविले जाते. शस्त्रक्रिया कोठेही झाली तरी तिच्या पूर्वतयारीतील प्रश्न मात्र तेच असतात.

इतरांहून वेगळे दोन मणके

मानेत एकूण सात मणके असतात. त्यांपैकी पहिल्यास 'अ‍ॅटलास' आणि दुसऱ्यास 'अ‍ॅक्सिस' असे म्हणतात. ग्रीक पुराणकथेत आकाशाचा भार खांद्यावर वाहणाऱ्या अ‍ॅटलासचे नाव, डोक्याचा भार वाहणाऱ्या या पहिल्या मणक्यास देण्यात आले आहे. इतर मणक्यांना असतो तसा भरीव भाग या मणक्याला नसतो. तो एखाद्या कड्यासारखा असतो. पुढे एक लहान कमान, मागे एक मोठी कमान आणि दोन्ही बाजूंस भार पेलणारे दोन भक्कम भाग अशी त्याची रचना असते.

दुसऱ्या मणक्यातून दाताच्या आकाराचा एक सुळका वर निघालेला असतो. पहिल्या मणक्याच्या कड्यात हा सुळका पुढच्या बाजूस बसतो आणि एक मजबूत आडवा अस्थिबंध त्यास जागेवर धरून ठेवतो. जात्याच्या खुंट्याभोवती वरची तळी फिरावी, त्याप्रमाणे या सुळक्याभोवती पहिला मणका व त्यासह डोके फिरते. मान डावी-उजवीकडे वळविताना होणाऱ्या एकूण हालचालीपैकी जवळपास निम्मी हालचाल या एकाच सांध्यात होते.

अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक स्टील यांनी १९६८ मध्ये या कड्याच्या आतील जागेविषयी एक सोपा नियम मांडला. त्या जागेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग दाताकृती सुळक्याने, एक तृतीयांश मज्जारज्जूने व्यापलेला असतो आणि उरलेला एक तृतीयांश मोकळा असतो. निसर्गाने ठेवलेली ही मोकळी जागाच माणसाचा बचाव करते. अस्थिबंध तुटला किंवा सैल झाला की सुळका मागे सरकतो आणि ही जागा आक्रसू लागते. प्रौढ व्यक्तीत पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि सुळका यांतील अंतर तीन मिलिमीटरपेक्षा अधिक भरल्यास अस्थिरतेचा संशय घेतला जातो. मुलांमध्ये ही मर्यादा सुमारे पाच मिलिमीटर धरली जाते.

रोहिणीचा वळणाचा मार्ग

या भागातील शस्त्रक्रियेची खरी अडचण हाडांपेक्षा रक्तवाहिनीमुळे निर्माण होते. 'व्हर्टिब्रल आर्टरी' या नावाने ओळखली जाणारी रोहिणी मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक अशी वर जाते. बहुतेक माणसांत ती सहाव्या मणक्याच्या बाजूच्या छिद्रात शिरते आणि एकावर एक असलेल्या छिद्रांमधून पहिल्या मणक्यापर्यंत पोहोचते. तेथून सरळ वर न जाता ती मागे वळते, पहिल्या मणक्याच्या मागील कमानीवर असलेल्या खोबणीतून आडवी जाते आणि मग कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्रातून आत शिरते. आत गेल्यावर दोन्ही बाजूंच्या रोहिण्या एकत्र येतात. मेंदूचा खोड-भाग, लहान मेंदू आणि दृष्टीशी संबंधित मागचा भाग यांना होणारा रक्तपुरवठा प्रामुख्याने याच मार्गाने होतो.

दोन्ही रोहिण्या सारख्या जाडीच्या असतातच असे नाही. अनेकांमध्ये डावी रोहिणी मोठी असते, तर काहींमध्ये एका बाजूची रोहिणी अगदीच बारीक असते. अशा रुग्णात मोठ्या रोहिणीला इजा झाल्यास दुसरी रोहिणी तिची उणीव भरून काढू शकत नाही आणि पक्षाघाताचा धोका संभवतो.

खोबणीवरचा हाडाचा पूल

पहिल्या मणक्यातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला भेद म्हणजे रोहिणीच्या खोबणीवर तयार झालेला हाडाचा पूल होय. वैद्यकीय परिभाषेत त्यास 'पॉन्टिक्युलस पोस्टिकस' असे म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'मागचा लहान पूल' असाच होतो. काहींमध्ये हा पूल पूर्ण असतो, तर काहींमध्ये अर्धवट असतो. पूल पूर्ण असल्यास उघड्या खोबणीऐवजी एक बंद छिद्र तयार होते आणि रोहिणी त्यातून जाते.

हा भेद दुर्मिळ नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये ४६४ रुग्णांच्या मानेची बाजूने घेतलेली क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा १५.५ टक्के चित्रांत हा पूल दिसून आला. जगभरातील अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे ५६ हजार व्यक्तींची माहिती विचारात घेण्यात आली. त्यानुसार पूर्ण पूल सुमारे ९ टक्के व्यक्तींमध्ये आढळतो. डोक्यावर ओझे वाहिल्यामुळे हा पूल तयार होत असावा, असे मत पूर्वी मांडले गेले. मात्र तो लहान मुलांतही आढळतो आणि काही घराण्यांत अधिक दिसतो, त्यामुळे आनुवंशिकतेकडे अधिक लक्ष वेधले गेले आहे.

सर्वसामान्य जीवनात या पुलामुळे बहुतेकांना कोणताही त्रास होत नाही. धोका निर्माण होतो तो शस्त्रक्रियेच्या वेळी. क्ष-किरण चित्रात हा पूल मूळ कमानीशी एकरूप दिसतो आणि मागील कमान प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जाड भासते. कमान चांगली रुंद आहे असे समजून स्क्रू तिच्यातून घातल्यास तो हाडात न जाता पुलाखालील रोहिणीत शिरू शकतो. २००५ च्या अभ्यासाने शल्यचिकित्सकांना नेमका हाच इशारा दिला होता.

दुसऱ्या मणक्यातील अरुंद वाट

दुसऱ्या मणक्यातही असाच एक महत्त्वाचा भेद आढळतो. या मणक्यातून वर जाताना रोहिणी बाहेरच्या बाजूस वळते. काही व्यक्तींत हे वळण नेहमीपेक्षा अधिक वर आणि आतल्या बाजूस असते. त्यामुळे रोहिणीभोवतीचे हाड खालून पोखरल्यासारखे पातळ होते. शल्यचिकित्सक या स्थितीस 'हाय रायडिंग' रोहिणी असे म्हणतात. सीटी स्कॅनवर ठरावीक ठिकाणी मोजमाप केले असता हाडाच्या त्या अरुंद भागाची उंची पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी, अथवा सांध्याच्या पृष्ठभागाखालील हाडाची जाडी दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरल्यास ही स्थिती आहे असे मानतात. या ठिकाणी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या स्क्रूचा व्यास साधारणपणे साडेतीन मिलिमीटर असतो, हे ध्यानात घेतल्यास अडचण किती गंभीर आहे याची कल्पना येते.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९४ रुग्णांचे सीटी स्कॅन पाहण्यात आले. त्यांपैकी १८ टक्के रुग्णांत निदान एका बाजूस तरी रोहिणीचे छिद्र इतके वर होते की, दोन्ही मणक्यांच्या सांध्यातून आरपार स्क्रू घालणे सुरक्षित नव्हते.

अपुरी कमान, चिकटलेला मणका

याखेरीज आणखी काही भेद आढळतात. पहिला मणका बालवयात तीन वेगवेगळ्या केंद्रांपासून हाडात रूपांतरित होतो. मागील कमान साधारणतः तीन ते पाच वर्षे वयापर्यंत, तर पुढची कमान त्यानंतर जुळते. काहींमध्ये मागची कमान पूर्ण जुळतच नाही. एका मोठ्या शवविच्छेदन अभ्यासात सुमारे चार टक्के व्यक्तींत असा दोष आढळला होता. अपघातानंतर काढलेल्या चित्रात ही फट दिसल्यास हाड मोडल्याचा गैरसमज होऊ शकतो. जन्मजात फटीच्या कडा गुळगुळीत असतात, तर ताज्या अस्थिभंगाच्या कडा खडबडीत असतात. या फरकावरून निदान करता येते.

काहींचा पहिला मणका कवटीच्या तळालाच चिकटलेला असतो, तर काहींचे दुसरा व तिसरा मणका एकमेकांस जुळलेले असतात. क्वचित दाताकृती सुळका मूळ मणक्यापासून सुटा असतो. अशा जन्मजात दोषांबरोबर रोहिणीचा मार्गही बदललेला असण्याची शक्यता अधिक असते. कधी ती पहिल्या मणक्याच्या कमानीवरून न जाता कमानीखालून थेट मज्जारज्जूच्या पोकळीत शिरते, तर कधी तिला दोन फाटे फुटतात, एक कमानीच्या वर व दुसरा खाली. नेमक्या याच जागेतून शल्यचिकित्सकाला सांध्यापर्यंत पोहोचायचे असते. म्हणजेच ज्या रुग्णाला शस्त्रक्रियेची गरज अधिक, त्याच्याच रोहिणीचा मार्ग अनपेक्षित असण्याचा संभव अधिक, असे हे अवघड गणित आहे.

रेशमी धाग्यापासून स्क्रूपर्यंत

अस्थिर झालेले हे दोन मणके एकमेकांस बांधण्याचे प्रयत्न शंभर वर्षांहून अधिक काळ सुरू आहेत. १९१० मध्ये मिक्स्टर आणि ऑसगुड या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी त्यासाठी जाड रेशमी धागा वापरला. १९३९ मध्ये कॅनडातील गॅली यांनी तार व हाडाचा तुकडा वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तारेच्या पद्धती सोप्या होत्या, परंतु त्यांसाठी पहिल्या मणक्याची मागील कमान शाबूत असणे आवश्यक होते. शिवाय हाडे जुळून येईपर्यंत रुग्णास बाहेरून कडक आधार द्यावा लागे.

स्वित्झर्लंडमधील फ्रिडरिश मागर्ल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही मणक्यांच्या सांध्यातून तिरपा आरपार स्क्रू घालण्याची पद्धत वापरात आणली. या पद्धतीने मिळणारा आधार भक्कम होता. मात्र स्क्रूचा मार्ग रोहिणीच्या अगदी निकटून जात असल्याने वर उल्लेखिलेल्या 'हाय रायडिंग' रोहिणीच्या रुग्णांत तो धोक्याचा ठरू लागला.

मुंबईत विकसित झालेली पद्धत

या प्रश्नावर मुंबईत शोधलेला मार्ग पुढे जगभर स्वीकारला गेला. परळ येथील केईएम रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूशल्यचिकित्सक डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून एका नव्या पद्धतीचा अवलंब सुरू केला. तीत पहिल्या मणक्याच्या बाजूच्या भक्कम भागात एक आणि दुसऱ्या मणक्यात एक असे स्वतंत्र स्क्रू बसवून ते धातूच्या पट्टीने जोडले जातात. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. वसंत लाहेरी यांच्यासह त्यांनी ही पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००२ मध्ये १६० रुग्णांवरील चौदा वर्षांचा अनुभव त्यांनी सहकाऱ्यांसमवेत मांडला.

जर्मनीतील युर्गेन हार्म्स व मेल्चर यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी दांडी आणि सर्व दिशांनी वळू शकणारे स्क्रू वापरून अशीच रचना प्रसिद्ध केली. आज ही पद्धत 'गोयल-हार्म्स' या जोडनावाने ओळखली जाते. दोन्ही स्क्रू स्वतंत्र असल्यामुळे प्रत्येकाची दिशा त्या त्या रुग्णाच्या हाडाप्रमाणे बदलता येते, हा तिचा मुख्य लाभ होय. याशिवाय मागील कमान अपुरी असली तरीही ही पद्धत वापरता येते. अर्थात रोहिणीचा धोका त्यामुळे संपत नाही, केवळ तो टाळण्याचे पर्याय वाढतात.

धोका किती?

अमेरिकेतील मेंदूशल्यचिकित्सकांकडून माहिती मागवून १९९८ मध्ये एक सर्वेक्षण प्रसिद्ध करण्यात आले. सांध्यातून आरपार स्क्रू घातलेल्या १,३१८ रुग्णांची माहिती त्यात संकलित झाली. ३१ रुग्णांत, म्हणजे २.४ टक्के, रोहिणीला इजा झाल्याचे निश्चित झाले, तर आणखी २३ रुग्णांत तसा संशय होता. दोन्ही मिळून हे प्रमाण ४.१ टक्के भरते. सुदैवाने अशा इजेमुळे मज्जासंस्थेची हानी होण्याचे प्रमाण ०.२ टक्के आणि मृत्यूचे प्रमाण ०.१ टक्के एवढेच होते. बहुतेक रुग्ण बचावतात, कारण दुसऱ्या बाजूची रोहिणी काम निभावून नेते. ती बारीक असल्यास मात्र हा आधार उरत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी इजा झालीच, तर त्याच छिद्रात स्क्रू बसवून किंवा दाब देऊन रक्तस्राव थांबविणे आणि दुसऱ्या बाजूस स्क्रू घालण्याचा धोका न पत्करणे, हा सर्वमान्य संकेत आहे. दोन्ही बाजूंच्या रोहिण्यांना इजा होणे जिवावर बेतू शकते.

पूर्वतयारी कशी होते?

साध्या क्ष-किरण चित्रावर विसंबून या भागात स्क्रू घालणे आज योग्य मानले जात नाही. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांचा सीटी स्कॅन करून तो उभ्या, आडव्या व तिरप्या प्रतलांत पाहिला जातो. रोहिणीचा मार्ग समजण्यासाठी शिरेतून औषध देऊन सीटी अँजिओग्राफी केली जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांत हे औषध वापरण्यापूर्वी विशेष काळजी घ्यावी लागते. मज्जारज्जूवर किती दाब आला आहे हे एमआरआयवरून कळते.

या तपासण्यांतून शल्यचिकित्सक प्रत्येक बाजूचा स्वतंत्र विचार करतो. हाडाची रुंदी व उंची किती आहे, खोबणीवर पूल आहे काय, रोहिणी कमानीच्या वरून जाते की खालून, दोन्हींपैकी मोठी रोहिणी कोणती, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच स्क्रूची लांबी, जागा व दिशा ठरते. एका बाजूचे हाड फारच अरुंद असल्यास तेथे लहान स्क्रू, मणक्याच्या मागील पापुद्र्यात घातलेला स्क्रू किंवा आधारासाठी खालचा मणका जोडून घेणे असे पर्याय निवडले जातात. मोठ्या केंद्रांत शस्त्रक्रिया चालू असतानाच स्कॅन करून संगणकाच्या साहाय्याने दिशा दाखविणारी यंत्रणा आणि रुग्णाच्या स्कॅनवरून तयार केलेल्या मणक्याच्या त्रिमित प्रतिकृती यांचाही उपयोग होतो. मात्र ही साधने नसली, तरी पातळ छेदांचा स्कॅन नीट वाचणे जिल्हा पातळीवरही शक्य आहे.

अस्थिसंग्रहाचे महत्त्व

या भेदांची पहिली ओळख भावी डॉक्टरांना शरीररचनाशास्त्र विभागात होते. सोलापुरात १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अ‍ॅटलास हातात घेऊन त्यावरील खोबण ओळखायला शिकतो. पुढच्या तुकडीला मागच्या तुकडीकडून मिळणारा 'बोन सेट' हा वैद्यकीय शिक्षणाचा अनेक पिढ्यांचा सोबती आहे. भारतातून मानवी सांगाड्यांची निर्यात १९८५ मध्ये बंद होईपर्यंत जगातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतील हाडे भारतातूनच गेलेली होती.

सुटी हाडे मोजून केलेले अभ्यास भारतातील अनेक महाविद्यालयांत झाले आहेत. त्यांचा उपयोग मोठा असला तरी त्यांना मर्यादाही आहेत. सुट्या हाडाबरोबर त्या व्यक्तीचे वय, लिंग वा आजार यांची नोंद बहुधा नसते आणि रोहिणी तर दिसतच नाही. म्हणून असे अभ्यास काय काय आढळू शकते हे सांगतात. समोरच्या रुग्णात काय आहे हे मात्र स्कॅनच सांगतो. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींचा वापर आता वाढत आहे. साच्यातून काढलेली अशी प्रत्येक प्रतिकृती एकसारखी असते. त्यामुळे भेद पाहण्याची सवय लावायची तर खरी हाडे आणि देहदानातून मिळालेले देह यांना पर्याय नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने वैद्यकीय अभ्यासासाठी देह उपलब्ध होण्याची व्यवस्था केलेली आहे.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

- मानेच्या वरच्या भागात सतत दुखणे, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, पाय ताठर होणे, गुंडी लावणे किंवा पेन धरणे अवघड होणे ही लक्षणे असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

- अपघातग्रस्ताच्या मानेला इजा झाल्याचा संशय असल्यास त्याची मान वळवू नये वा त्याला उठवून बसवू नये. डोके व धड एका रेषेत ठेवून मान स्थिर करूनच त्यास हलवावे.

- संधिवात असलेल्या किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींस कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वी मानेच्या अस्थिरतेविषयी डॉक्टरांना विचारावे.

- केशकर्तनालयात किंवा मालिश करताना झटका देऊन मान 'मोडून' घेण्याची सवय टाळावी. अचानक पिळामुळे रोहिणीच्या आतील अस्तराला चीर पडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

- स्कॅनच्या अहवालात मणक्यातील रचनाभेदाचा उल्लेख आढळल्यास घाबरू नये. असा भेद म्हणजे आजार नव्हे. तो अहवाल व चित्रे मात्र जपून ठेवावीत आणि पुढे कधी मानेवर उपचार करण्याची वेळ आल्यास डॉक्टरांना आवर्जून दाखवावीत.

- मानेच्या वरच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास रोहिणीचा मार्ग तपासला आहे काय, दोन्ही बाजूंचे हाड स्क्रूसाठी पुरेसे आहे काय आणि नसल्यास पर्याय कोणता, हे तीन प्रश्न रुग्णाने वा नातेवाइकांनी अवश्य विचारावेत. दुसऱ्या शहरात उपचारासाठी जाताना केवळ अहवालाचा कागद न नेता स्कॅनची सीडी सोबत न्यावी, कारण मोजमाप चित्रांवरूनच घेता येते.